तिसरा आकडा

निर्मला मावशी गेल्याची बातमी नाशिकहून तिच्या मुलीने कळवली, आणि तासाभरात युनियनच्या ग्रुपवर मला निरोप आला : ‘ज्योती, श्रद्धांजलीचं पत्रक तू लिही. एक पान. संध्याकाळपर्यंत छापायला जायला हवं.’

पत्रक लिहिणं मला अवघड नाही. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात होते. मी अक्षरं ओळखायला शिकले ती संपाच्या पत्रकांवर, आणि पाढे गिरवले ते त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळे पहिली ओळ आपोआप उतरली : ‘झुंजार, निर्भीड, लढाऊ कार्यकर्त्या निर्मलाताई...’ आणि तिथेच हात थांबला. ही ओळ मावशीने वाचली असती, तर तिच्या पर्समधला लाल पेन बाहेर आला असता. तिन्ही शब्दांवर एक आडवी रेघ बसली असती. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत तिने विचारलं असतं, “आकडा कुठाय यात?”

ते पत्रक शेवटी दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. मी हे लिहिते आहे.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हती. ती सगळ्या कारखान्याची मावशी होती. कारखाना ट्रान्सफॉर्मरचा, आधी वागळे इस्टेटमध्ये, नंतर डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला गेलेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मावशी तिथे टेस्टिंगला होती, तीसेक वर्षं. बुटकी, सावळी, घट्ट आंबाडा, सुती साडी आणि पायात मुलांचे पीटीचे बूट. राहायची कोपरीत, चाळीतल्या दोन खोल्यांत. बोलायची इतकं हळू की समोरच्याला पुढे झुकावं लागायचं. मशिनांच्या घरघरीत आयुष्य काढलेली माणसं ओरडून बोलतात, ही उलटी. एकदा विचारलं तर म्हणाली, “तिथं ओरडून कोणाला ऐकू जात नव्हतं गं. जवळ जायचं आणि कानात सांगायचं. सवय राहिली.”

तिला ओळखायची खूण म्हणजे तिचा उजवा हात. कुठलीही वस्तू ती आधी उलट्या हाताने बघायची. चहाचा ग्लास, इस्त्री, रिक्षाची सीट, तापलेल्या पोराचं कपाळ, सगळ्याला आधी बोटांची मागची बाजू लावायची, मनात काहीतरी मोजायची आणि मग हात लावायची. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले, तेव्हा तिने माझ्या गालालाही उलटा हात लावला आणि म्हणाली, “उन्हातून आलीस. बस, पाणी देते.”

“सरळ हात का नाही लावत मावशी?”

“करंट असला तर तळहात मूठ आवळतो. धरलेलं सोडता येत नाही. उलट्या हाताला बसला तर हात झटक्याने मागे येतो. पहिल्याच दिवशी शिकवलेलं आम्हाला.”

दुसरी खूण, तीन आकडे. ट्रान्सफॉर्मर तयार झाला की त्याला दिवसभर भार देऊन तापवत ठेवतात आणि तासातासाला आतल्या तेलाचं तापमान लिहितात. आकडा चढत राहतो, चढत राहतो आणि एका जागी थांबतो. तो खरंच थांबला आहे याची खात्री पटली, की टेस्ट पास. मावशीचा नियम असा, की लागोपाठ तीन आकडे सारखे आल्याशिवाय सही नाही. दोन सारखे हा तिच्या मते योगायोग. हा नियम तिने घरातही लावला. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा त्या घरी तीन वेळा जाऊन आली. तिन्ही वेळा मुलाची आई सारखंच गोड बोलली, तेव्हा होकार कळवला. जावई हे सांगून अजून हसतो.

आणि तिसरी खूण तिचा लाल पेन. निवृत्त झाल्यावर ती आमच्या युनियनच्या कोपरीतल्या खोलीत येऊ लागली आणि माझी पत्रकं छापायच्या आधी वाचू लागली. ‘नराधम व्यवस्थापन’ मधला नराधम गेला. ‘रक्तपिपासू’ गेला. मी चिडले. म्हटलं, “मावशी, आग नको का पत्रकात?”

“आग लागली की माणसं पळतात पोरी. वाचत नाहीत. किती वाजता, कुठल्या शेडमध्ये, कोणाचा हात, ते लिही. बाकीचं वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप पेटतं.”

मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

आता सुरेशबद्दल.

सुरेश मानपाड्याजवळच्या गावातला, आगरी. बापजाद्यांची शेती गेली, त्यावर कारखाने आले आणि त्यातल्याच एका, म्हणजे मावशीच्याच कारखान्यात हा नोकरीला लागला. ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन चालू करून द्यायचा, हे त्याचं काम. असाच एक ट्रान्सफॉर्मर तो भिवंडीच्या बाजूला घेऊन गेला आणि चालू केल्यावर दुसऱ्या दिवशी तो फुटला. तेल पेटलं. सुरेश जवळ उभा होता.

कंपनीच्या अहवालात लिहिलं की चूक सुरेशची. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला पंखांसारख्या पोकळ पत्र्यांचे जुडगे असतात. तेल त्यातून फिरून थंड होतं. त्याचा व्हॉल्व्ह सुरेशने उघडलाच नाही, म्हणून तेल फिरलं नाही, म्हणून आग. ‘मयत कामगाराचा निष्काळजीपणा’ असे शब्द. सुरेशची बायको वनिता तो कागद घेऊन आमच्या खोलीत आली तेव्हा तिने बाकी काहीही मागितलं नाही. “माज्या पोरांना शालेत बोलतान, तुमच्या बापानी आग लावली. यो शब्द काडून पायजे मना.”

तो शब्द काढू शकेल असं एकच माणूस होतं. तो ट्रान्सफॉर्मर टेस्टला लागला त्या दिवशी पाळीवर मावशी होती. शेवटचे दोन आकडे सारखे आले होते. ट्रक दारात उभा होता. साहेब म्हणाला, पुरे ना मावशी, सही कर. मावशी म्हणाली, तिसरा राहिलाय. पुढच्या तासाला तिसरा आकडा दोन अंशांनी चढलेला आला. तो तिने आपल्या वहीत लिहिला आणि सही न करता घरी गेली. टेस्टच्या अहवालात तिसरा आकडा आधीच्या दोनांसारखाच लिहिला गेला आणि खाली सही दुसऱ्याची. म्हणजे व्हॉल्व्ह बिव्हॉल्व्ह नंतरची गोष्ट. ते मशीन दारातून बाहेर पडलं तेव्हाच आजारी होतं.

वही आमच्याकडे होती. पण वही कोणीही केव्हाही लिहू शकतं, असं कंपनीचे वकील म्हणणार हे उघड होतं. मावशीने स्वतः सांगायला हवं होतं.

अपघाताच्या सरकारी चौकशीचे अधिकारी दूरच्या जिल्ह्यात बदलून गेले होते, म्हणून सुनावणी व्हिडिओवर. मोबाइल चालणार नाही. साक्षीदार आणि मागचं दार दोन्ही दिसायला हवं आणि कागद स्क्रीनवर दाखवता यायला हवेत, अशी ऑफिसची अट. आमच्याकडे एक छोटा कॉम्प्युटर होता. लाडवांच्या डब्याएवढा, काळा, चौकोनी. कुणा हितचिंतकाने दिलेला. मे महिना, पहिला मजला, खाली रिक्षा स्टँड. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून आम्ही खिडक्या लावून त्यावर दोन गोधड्या टांगल्या होत्या आणि छतावरचा पंखा बंद केला होता.

मावशीने नाव सांगितलं, वय सांगितलं. तेवढ्यात डब्यातला पंखा गुणगुणू लागला. आधी डासासारखा, मग मिक्सरसारखा. मावशी तिच्या नेहमीच्या आवाजात बोलत राहिली. कंपनीचे वकील कानाला हात लावून म्हणाले, “सर, साक्षीदार ऐकूच येत नाहीयेत. तिकडे काही मशिनरी चालू आहे का?”

“मावशी, मोठ्याने बोला,” मी कुजबुजले.

तिने प्रयत्न केला. तिला येईना. तीस वर्षांची सवय तीन मिनिटांत जात नाही. ती ‘तिसरा आकडा’ असं म्हणाली आणि स्क्रीन काळी झाली. डबा तापून आपणहून बंद पडला होता.

तो परत चालू होईपर्यंत पलीकडे सगळं उरकलं होतं. दोन दिवसांनी कागद आला : ‘पुढील तारखेस साक्ष पूर्ण न झाल्यास साक्ष बंद समजण्यात येईल.’ मध्ये तीन आठवडे.

डबा बंद पडला त्याच वेळी मी पेटले होते. यंत्रणेवर, वकिलावर, व्हिडिओवर. ‘न्यायाचा गळा घोटणारी’ असं काहीतरी लिहायलाही घेतलं होतं. मावशी मात्र डब्यासमोर उभी होती. तिने उलटा हात डब्यावर ठेवला आणि लगेच काढला. मग डब्याच्या डोक्यावर ठेवलेला माझ्या पत्रकांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

गठ्ठा भाकरीसारखा गरम होता.

“वारा कुठून घ्यायचा त्याने?” ती म्हणाली. डब्याखाली क्रोशाचा रुमाल होता, तोही तिने ओढून काढला. रुमालही मीच घातलेला, टेबल बरं दिसावं म्हणून.

“नवीन मशीन आणू या,” कोणीतरी म्हणालं.

“आणा. त्याच्याही डोक्यावर गठ्ठा ठेवाल.”

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी येऊ लागली. पिशवीत काचेचा थर्मामीटर, बारीक पेचकस, रंगाचा ब्रश आणि एक नवी वही. डबा उघडला तेव्हा आतल्या छोट्या पंख्यावर करड्या धुळीचा थर बसला होता, जाड, लोकरीसारखा. कागदाचाच भुसा. ब्रशने तो काढून तिने माझ्यासमोर धरला. “हा बघ. तुमचा सगळा प्रचार इथे साचलाय.”

मग तिने चिपवरचा धातूचा ठोकळा काढला. दोघांच्या मध्ये जी पेस्ट असते, उष्णता पुढे सरकवणारी, ती वाळून चुना झाली होती. स्पिरिटने पुसली. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडून आणलेल्या ट्यूबमधून तुरीच्या डाळीएवढी नवी पेस्ट लावली. मी म्हटलं, “थोडी जास्त लावा ना.”

“जास्त लावली की तीच गोधडी होते.”

डबा आडवा होता तो तिने उभा केला, बाटलीच्या चार रबरी बुचांवर, भिंतीपासून वीतभर दूर. गरम हवेला वर जायचंच असतं, म्हणे; आपण फक्त वाट सोडायची. एका बंद पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरचा बशीएवढा पंखा तिने सोडवून आणला आणि तो मोबाइलच्या चार्जरवर जोडला, म्हणजे त्याला लागते त्याच्या निम्म्याहून कमी वीज. तो इतका सावकाश फिरायचा की पाती मोजता यावीत. “छोट्याला पळावं लागतं म्हणून तो किंचाळतो. मोठा चालला तरी काम होतं.” टेबलाला थरथर लागू नये म्हणून तो सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर, पाळण्यासारखा टांगला.

माझ्याकडे फक्त एक काम आलं. तिने विचारलं, “ह्याला पळायची किती मुभा दिलीय?”

“पूर्ण.”

“कमी कर. आपल्याला एक बाई बोलताना दाखवायची आहे, चंद्रावर नाही जायचं.”

मी सेटिंगमध्ये जाऊन वेग उतरवला. उघडी ठेवलेली सतरा पानं बंद केली. आणि टेस्ट सुरू झाली. खिडक्या बंद, गोधड्या टांगलेल्या, समोर चालू व्हिडिओ, आणि मावशी दर अर्ध्या तासाला डब्यातून निघणाऱ्या हवेत थर्मामीटर धरून वहीत आकडा लिहिणार. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. आम्ही दोघी घामाने निथळत होतो. डबा गप्प होता. इतका गप्प की मावशीचा श्वास माइकवर ऐकू येत होता.

पुन्हा एकोणपन्नास.

“आला थांबून!” मी उठले. “लागोपाठ दुसऱ्यांदा तोच आला. पुरे ना मावशी. जीव चाललाय उकाड्याने.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. घाबरून.

“अगदी हेच म्हणाला होता तो साहेब,” ती म्हणाली. “ह्याच शब्दांत. पुरे ना मावशी.”

मी खाली बसले. आणि त्या अर्ध्या तासात, तिसऱ्या आकड्याची वाट बघताना, तिने मला ते सांगितलं जे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

सही न करता ती घरी गेली होती हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली तेव्हा ट्रक दारातून बाहेर पडत होता. केबिनमध्ये सुरेश. त्याने काच खाली करून ओरडून विचारलं होतं, “मावशे, पास ना?” गाड्यांचा आवाज होता. जवळ जाऊन कानात सांगायला वीस पावलं लागली असती. बाजूला साहेब उभा होता. आदल्या संध्याकाळीच त्याने तिला सांगितलं होतं की फार बोललीस तर उद्यापासून घरी बस. मावशीने नुसता हात हलवला. जा, अशा अर्थाने. सुरेशने अंगठा दाखवला आणि ट्रक गेला.

“मी सही नाही केली,” ती म्हणाली. “पण त्याला पास समजलं ते माझ्या हातावरून.”

आता मला कळलं की रविवारी विहारात पंचशील म्हणताना ही चौथ्या शीलाला का थांबायची. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं ते शील. मी तिच्या शेजारी बसायचे. तीन शीलांपर्यंत तिचा बारीक आवाज यायचा, चौथ्याला ओठ मिटायचे आणि पाचव्याला पुन्हा उघडायचे. मला वाटायचं, दम लागत असेल.

अर्धा तास झाला. तिने थर्मामीटर बघितला. एकोणपन्नास. वहीत लिहिलं, पण खाली सही केली नाही.

“हे मी साक्षीत सांगणार,” ती म्हणाली.

“अजिबात नाही,” मी म्हटलं. आणि पुढचे आठ दिवस आमचं भांडण चाललं. मी म्हणत होते, हे विचारलं तर ‘आठवत नाही’ म्हणा. कंपनीचा वकील याचीच वाट बघत असेल. सगळा ठपका साहेबावरून उचलून तुमच्यावर टाकेल. आणि वनिता? ती समोर बसलेली असेल. तिला काय वाटेल? मी तत्त्वाच्या गोष्टी रोज लिहिणारी. पण तेव्हा मला फक्त जिंकायचं होतं.

“कंपनीने काय केलं?” मावशीने विचारलं. “दोन आकडे खरे लिहिले आणि तिसरा दडवला. मीही तेच करू?”

“ते वेगळं आहे.”

“आकड्याला माहीत नसतं कोणाच्या वहीत आहे ते.”

तारखेच्या दिवशी मी सकाळपासून डब्याला हात लावू दिला नाही कोणाला. वनिता आली, नऊवारीच्या ओच्यात काहीतरी झाकून. मावशी खुर्चीवर बसली. समोर स्क्रीनवर अधिकारी, बाजूच्या चौकटीत कंपनीचे वकील. मोठा पंखा आपल्या पाळण्यात हळूहळू फिरत होता. मावशी नेहमीसारखीच बोलत होती, खालच्या पट्टीत, आणि पलीकडे प्रत्येक शब्द पोचत होता. अधिकारी पुढे झुकले होते. मावशीशी बोलताना सगळेच झुकायचे तसे.

पहिला तास नीट गेला. पहिला आकडा, दुसरा आकडा, तिसरा आकडा. वही कॅमेऱ्यासमोर धरली. वकील म्हणाले, हा आकडा नंतर लिहिला नाही कशावरून? मावशी म्हणाली, “तुम्ही तसं म्हणू शकता. मी त्याच वेळी लिहिला.”

आणि मला ते ऐकू आलं. बारीक गुणगुण. डबा.

मावशीनेही ऐकलं होतं. बोलता बोलता तिचा उलटा हात डब्याकडे गेला आणि मागे आला. आवाज चढत होता. वकिलांनी भुवया आक्रसल्या. “सर, पुन्हा तोच आवाज—”

मावशी वाकली. डब्याच्या मागे, गरम हवा बाहेर पडायच्या जाळीला टेकून एक फ्रेम उभी होती. सुरेशचा फोटो. वनिताने कधी ठेवला ते मी बघितलंच नव्हतं.

“साक्षीदार काय करतायत?” वकील म्हणाले. “सर, त्यांना कोणी काही दाखवतंय. कागद आहे तो?”

“काय आहे ते?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

वनिता घाबरून उभी राहिली. “माजी चूक झाली. मी ठेवला. त्याचाच चाललाय ना सगला, त्याला पन आयकाला पायजे म्हनून...”

मावशीने फ्रेम उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. “फोटो आहे साहेब. ज्याच्यावर ठपका आहे त्याचा. हवा अडली होती.”

तिने तो वनिताच्या मांडीवर नेऊन दिला आणि परत येऊन बसली. डब्याची गुणगुण हळूहळू उतरली, डासाएवढी झाली आणि मग नाहीशी. त्या शांततेत वकिलांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला आठ दिवस भीती होती.

“आकडा चढलेला तुम्हाला माहीत होता. मग तुम्ही कोणाला सांगितलं?”

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. वनिताकडे बघितलं.

“कोणालाच नाही,” ती म्हणाली. “सुरेशने ट्रकमधून मला विचारलं, पास ना? मी हात हलवला. साहेब बाजूला उभा होता, मला नोकरी जायची भीती होती. मी त्याला सांगायला हवं होतं. वीस पावलं होती. मी गेले नाही.”

इतक्या हळू म्हणाली. आणि एकही शब्द हरवला नाही. माझ्या मनात आलं, त्या क्षणी तो डबा बंद पडला असता तर बरं झालं असतं. पण तिने त्याला पडायला जागाच ठेवली नव्हती.

वकील हसले. “म्हणजे दोष तुमचा.”

“माझा आहे तेवढा लिहून घ्या. पण त्याचा नाही. मशीन आजारी आहे हे त्याला माहीतच नव्हतं.”

सुनावणी संपली. वनिताने फोटो ओच्यात घेतला आणि कोणाकडेही न बघता जिना उतरून गेली. मी मावशीला काहीतरी बोलणार होते; तिने हात करून थांबवलं. पिशवीतून थर्मामीटर काढला, डब्याच्या हवेत धरला आणि वहीत लिहिलं : एकोणपन्नास. आणि आता, पहिल्यांदाच, त्याखाली सही केली.

निकाल पावसाळा उलटल्यावर आला. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द काढला होता. सुरेशचा दोष नाही, असं एका ओळीत. आणि त्याआधी हेही लिहिलं होतं, की साक्षीदाराने स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्टही लपवलेली नाही, त्यामुळे तिच्या वहीतली नोंद खरी मानण्यास हरकत नाही. माझ्या सल्ल्याने ती ‘आठवत नाही’ म्हणाली असती तर काय झालं असतं, हे मी ते वाक्य वाचताना पाहिलं. आजही लिहिताना बघते.

पण त्या दिवसापासून वनिता मावशीशी बोलली नव्हती. निकालाची प्रतही तिने माझ्याकडून नेली, तेव्हा मावशीचं नाव काढलं नाही. मावशीनेही विचारलं नाही. तिचे गुडघे गेले होते. मुलगी तिला नाशिकला नेणार होती. चाळीतली खोली आवरायला घेतली होती.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हा. कोपरीत, सकाळी दहाच्या सुमारास. मी रस्त्याच्या पलीकडे पत्रकं वाटत होते. मावशी चाळीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, बाजूला दोरीने बांधलेलं सामान, टेम्पोची वाट बघत. रिक्षातून वनिता उतरली. मी जागच्या जागी थांबले. ती मावशीसमोर जाऊन उभी राहिली. मग वनिताने निकालाची प्रत पुढे केली. मावशीने सवयीने कागदाला आधी उलटा हात लावला.

“मावशे,” वनिता म्हणाली. आगरी बायकांचा आवाज, रस्त्याच्या पलीकडे मला स्वच्छ ऐकू आला. “कागद तापलाय का बगतस?”

मावशी हसली. मग काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही. तिचं बोलणं लांबून कोणालाच ऐकू यायचं नाही. वनिता खाली झुकली, कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि ऐकत राहिली. ट्रकपर्यंतची ती वीस पावलं जणू आता वनिताच चालून आली होती.

टेम्पो आला. माणसं सामान चढवू लागली. मी रस्ता ओलांडायला निघाले आणि मध्येच थांबले. कारण मावशीने वनिताचा हात धरला होता. उलट्या हाताने नाही. तळहाताने. मूठ आवळलेली होती, आणि ती सोडत नव्हती.